लेबलवर सीताफळ नाही, मग औषध मारायचं का?

पुरंदर तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तीन एकर सीताफळ, बांधाकडेला थोडं अंजीर. फळं सुपारीएवढी झाली की दर वर्षी पिठ्या ढेकूण (मिलीबग) देठाशी आणि डोळ्यांच्या खाचांत येऊन बसतो. कृषी सेवा केंद्रातून ब्युप्रोफेझिन मिळालं, पण सोबतच्या पत्रकावर द्राक्ष आहे, सीताफळ नाही. यंदा बाहेर माल पाठवणारा एक व्यापारी अवशेष तपासणीचा अहवाल मागतोय. ‘हे औषध मारू का? आणि जनतेच्या पैशावर एवढी विद्यापीठं, एवढ्या संशोधन संस्था चालतात, तर आमच्या पिकाचं नाव कुठल्याच डब्यावर का दिसत नाही?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. व्यापाऱ्याला द्यायच्या झाडांवर मारू नका. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, आणि ते कळलं तर पहिल्याचं कारणही आपोआप कळेल. मी कीटकशास्त्राचा माणूस. बरीच वर्षं अवशेष चाचण्यांवर काम केलं, आता फळबागायतदारांना सल्ला देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा गुंता पाहिलेला आहे.

तुमच्या दुकानदाराचं म्हणणं मला इथूनही ऐकू येतंय: ‘द्राक्षातला मिलीबग मरतो, मग सीताफळातला का नाही मरणार?’ मरेल की. त्याबद्दल वादच नाही. लेबल क्लेम म्हणजे ‘कीड मरते’ एवढाच दाखला नव्हे. अमुक पिकावर, अमुक मात्रेत, काढणीच्या इतके दिवस आधीपर्यंत मारलं तर फळात उरणारा अंश ठरलेल्या मर्यादेत राहतो, हे कुणीतरी मोजून दाखवलेलं असतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादची नोंदणी समिती, म्हणजे आपण ज्याला सीआयबीआरसी म्हणतो ती, हे आकडे बघून पिकाचं नाव लेबलवर घालू देते. सीताफळाचं नाव नाही याचा अर्थ ते औषध सीताफळाला घातक ठरलंय असा नाही. त्या पिकावरचे आकडे घेऊन कुणी समितीपुढे गेलेलं नाही, असा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

आकडे काढणं किती किचकट असतं ते सांगतो, म्हणजे ‘का नाही’ हे लक्षात येईल. वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी बागा धरायच्या. काही झाडांना शिफारशीची मात्रा, काहींना तिच्या दुप्पट, काही कोरी ठेवायची. शेवटच्या फवारणीनंतर दोन-तीन तासांत पहिला नमुना, मग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशी पुढचे. फळं बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यायची, लगदा करायचा, अर्क काढायचा आणि एलसी-एमएसएमएस यंत्रावर तपासायचा. त्यातून औषध किती दिवसांत निम्मं होतं हे कळतं आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ ठरतो, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात. शिवाय औषध परिणामकारक आहे का, मित्रकीटकांचं काय होतं, झाडावर चट्टे पडतात का, याच्या चाचण्या वेगळ्या. हे सगळं एका औषधासाठी, एका पिकावर.

आता कंपनीच्या जागी बसून हिशोब करा. कापसावर लेबल मिळालं तर लाखो हेक्टरवर माल खपतो. द्राक्षाचं क्षेत्र त्यामानाने लहान, पण तिथे एकरी फवारणीचा खर्च दांडगा. सीताफळ किंवा अंजिरासाठी तेवढाच चाचणीचा खर्च करायचा आणि मग खपणार किती? कंपनीला यात दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिचा हिशोब बरोबरच आहे. पण त्यामुळेच जिथे विक्रीचं गणित जुळत नाही, तिथे सार्वजनिक पैसा लागतो. या विषयात माझं मुख्य म्हणणं हेच आहे. सरकारी संशोधनाने कंपन्या करतात तेच पुन्हा करू नये, कंपन्या जे कधीच करणार नाहीत ते करावं.

द्राक्षाचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. पुण्याजवळ मांजरी इथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत अवशेषांच्या तक्रारी आल्यावर २००३-०४ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेबरोबर अवशेष नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला. बागांची नोंदणी, प्रत्येक बागेचा नमुना, आणि कोणतं औषध कधीपर्यंत चालेल याची दर हंगामात सुधारली जाणारी यादी. नाशिक-सांगलीचे बागायतदार तिला ‘ॲनेक्शर पाच’ म्हणतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपातल्या बंदरांत आपले कंटेनर अडकले आणि त्यानंतर तेही तपासणीत आलं. म्हणजे यंत्रणा असूनही फटका बसला, पण यंत्रणा होती म्हणून पुढच्या हंगामात दुरुस्ती झाली. सीताफळाला असा फटका बसला तर दुरुस्ती कुणी करायची, हेच अजून ठरलेलं नाही.

द्राक्षाचा पीएचआय उचलून सीताफळाला का लावता येत नाही, हे नीट समजून घ्या, कारण दुकानात तुम्हाला हाच सल्ला मिळणार. सीताफळाची साल डोळ्याडोळ्यांची, खाचाखाचांची. फवारा त्या खाचांत साठतो, तिथे ऊन कमी लागतं, पाऊस धुऊन नेत नाही. ताज्या फळाची तपासणी होते ती सालीसकट, तुम्ही साल खात नसलात तरी. गर काढून गोठवणाऱ्याला माल दिला तर चित्र बदलतं, कारण तिथे तपासणी गराची होते आणि ब्युप्रोफेझिनसारखं झाडात न भिनणारं औषध गरात फारसं उतरत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच ‘व्यापाऱ्याला द्यायची झाडं’ असं म्हटलं. अंजिराची गोष्ट आणखी वेगळी. ते सालीसकट खातात, साल पातळ, आणि तोडा रोज किंवा एक दिवसाआड. आज फवारलं तर उद्या काय तोडायचं? सात दिवसांचा प्रतीक्षा काळ पाळणारा अंजीरवाला मी तरी बघितलेला नाही, आणि त्याला बोल लावण्यातही अर्थ नाही. झाडावर पिकलेलं अंजीर सात दिवस थांबत नाही.

त्यात भर म्हणजे ज्या औषधाची ज्या पिकावर मर्यादा ठरलेली नाही, तिथे युरोपात सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. आपल्याकडेही अन्नसुरक्षा नियमांत सर्वसाधारणपणे हाच आकडा धरला जातो. शंभर टन फळांत एक ग्रॅम, एवढं ते प्रमाण आहे. लेबलप्रमाणे काटेकोर मारूनही यात बसणं अवघड असतं, अंदाजाने मारून तर सोडाच. आणि ब्युप्रोफेझिनबद्दल म्हणाल तर युरोपने २०१७ मध्ये त्याचा वापर न खाल्ल्या जाणाऱ्या पिकांपुरता मर्यादित केला. तुमचा व्यापारी माल कुठे पाठवतो हे आधी विचारा. आखातात, युरोपात की मुंबईच्या मॉलमध्ये, यावर अर्धा निर्णय अवलंबून आहे.

‘दुसऱ्या देशांत लहान पिकांचं काय करतात?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सांगायला हवा, कारण आपल्याला मागणी काय करायची ते त्यातून कळतं. अमेरिकेत फळं, भाज्या, सुकामेवा, फुलं, रोपवाटिका हा सगळा गट ‘स्पेशालिटी क्रॉप्स’ या नावाने ओळखला जातो. तिथेही कंपन्या मका-सोयाबीनपुढे बघत नव्हत्या. म्हणून १९६३ मध्ये राज्यांच्या कृषी संशोधन केंद्रांनी आणि कृषी खात्याने मिळून आयआर-४ नावाचा प्रकल्प काढला. कित्येक वर्षं तो न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातून चालला, अलीकडे मुख्यालय नॉर्थ कॅरोलिनाला गेलं. पद्धत साधी आहे. शेतकरी, त्यांचे संघ किंवा विस्तार अधिकारी सांगतात, की अमुक पिकावर अमुक किडीसाठी आमच्याकडे काही नाही. दर वर्षी एकत्र बसून यादीला अग्रक्रम लावला जातो. वरच्या क्रमांकांच्या अवशेष चाचण्या सार्वजनिक पैशातून होतात आणि आकडे प्रकल्पच तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेपुढे ठेवतो, औषधांना परवानगी तीच देते. कंपनीने फक्त लेबलवर नाव छापायला तयार व्हायचं.

त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे पिकांचे गट. एकमेकांसारखी फळं एका गटात घालायची, त्यातल्या एक-दोन प्रातिनिधिक पिकांवर चाचण्या करायच्या आणि मर्यादा सगळ्या गटाला लावायची. सीताफळ, रामफळ, हनुमानफळ यांच्यावर वेगवेगळ्या चाचण्या करत बसण्याएवढे पैसे कुठल्याच देशाकडे नाहीत. तिथल्या कायद्याने तीन लाख एकरांहून कमी क्षेत्राचं पीक ‘लहान’ धरलं आहे. पुरंदरचं अंजीर त्या मोजपट्टीवर दिसणारसुद्धा नाही.

आता तुमच्या नाराजीकडे. जनतेच्या पैशातून तुमच्या पिकासाठी काहीच होत नाही, हे मला पूर्ण मान्य नाही. तुमच्याच तालुक्यात जाधववाडीला राहुरी विद्यापीठाचं अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘फुले पुरंदर’, ‘फुले जानकी’ ही सीताफळं आणि ‘फुले राजेवाडी’ हे अंजीर तिथलंच. किडींच्या शिफारशीही निघालेल्या आहेत. अडचण अशी की विद्यापीठाची शिफारस आणि डब्यावरचं लेबल यांचा मेळ बसतोच असं नाही, आणि अवशेष अहवाल मागणारा व्यापारी लेबल बघतो. जुन्या घडीपत्रिका तर अजिबात जवळ ठेवू नका. मिलीबगसाठी त्यांत डायक्लोरव्हॉस सापडेल, आणि ते २०२० च्या अखेरीला देशात बंद झालं. सीआयबीआरसीच्या संकेतस्थळावर औषध-पीक-कीड यांची यादी असते. ती बदलत राहते, म्हणून दर बहाराला पुन्हा बघायची.

शिवाय सार्वजनिक संशोधन म्हणजे फक्त औषधांच्या चाचण्या, असा समज झालाय तो बरोबर नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडे पहिल्यांदा दिसला. पपई, तुती, टॅपिओका, जे दिसेल ते त्याने पांढरं केलं. लोकांनी औषधं मारून बघितली, मेणाच्या आवरणाखाली कीड तशीच. बेंगळुरूच्या केंद्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोतून तीन परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. विलगीकरणात ठेवून तपासल्या, वाढवल्या आणि सोडल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपायी ही चिमुकली माशी इतकी रुळली, की थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. आपल्याकडे पुणे-खानदेशातल्या पपई बागांतही ती नोंदली गेली. ही माशी कुणी बाटलीत भरून दर वर्षी विकू शकत नाही, एकदा सोडली की स्वतःच वाढते. म्हणून कुठलीही कंपनी तिच्यामागे गेली नसती. सरकारी पैशाचा याहून चांगला वापर मला पीक संरक्षणात दुसरा दाखवता येणार नाही. कोकणात वेंगुर्ल्याच्या केंद्राने आंब्यासाठी काढलेला फळमाशीचा ‘रक्षक’ सापळा त्याच जातीचा. साधा, स्वस्त, आणि अवशेषाचा प्रश्नच नाही.

तेव्हा तुमच्या बागेत काय करायचं? मी तुमची बाग पाहिलेली नाही. झाडांचं वय, अंतर, बहार कोणता धरता, शेजारी काय आहे, यावर तपशील बदलतील. पण क्रम साधारण असाच राहील.

पिठ्या ढेकूण फळावर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याची पिल्लं जमिनीतून, खोडाच्या सालीतून, मागच्या हंगामात झाडावर वाळलेल्या फळांतून वर चढतात. म्हणून पहिलं काम फळं संपल्यावरचं: वाळकी, काळी पडलेली फळं तोडून जाळायची, दाट फांद्या विरळ करायच्या, झाडाभोवतीची आळी खणून उन्हं खाऊ द्यायची. मग नवी पालवी फुटायच्या आधी खोडाला जमिनीपासून फूट-दीड फुटावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावायचं. ग्रीस थेट सालीला लावू नका, साल खराब होते. पट्टीखाली फट राहिली तर सगळा खटाटोप वाया, त्यामुळे खडबडीत खोडाला पट्टीखाली थोडी माती लिंपा. फांद्या जमिनीला टेकत असतील तर त्या आधी कापा, नाहीतर कीड पट्टीला वळसा घालून चढते.

मुंग्यांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्याला राखतात. मित्रकीटक आला की हाकलतात. राखणदार गुरख्यासारखं त्यांचं वागणं असतं. बागेतली वारुळं मोडली आणि पट्टीने मुंग्या अडवल्या, तर मित्रकीटकांचं निम्मं काम सोपं होतं.

मित्रकीटक म्हणजे इथे मुख्यतः क्रिप्टोलिमस. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा आपल्या देशात १८९८ मध्ये आणला गेला. शिफारस एकरी ६०० भुंगेऱ्यांची, संध्याकाळी, प्रादुर्भाव दिसलेल्या झाडांवर. सोडण्याआधी आणि नंतर दोन-तीन आठवडे कडक कीटकनाशक अजिबात नको. आणि एक सूचना, जिच्यावरून मला दर पावसाळ्यात फोन येतात: क्रिप्टोलिमसची अळीही पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांची असते, हुबेहूब मोठा मिलीबग वाटते. ‘साहेब, तुमचे किडे सोडल्यापासून मिलीबग दुप्पट मोठा झाला’ म्हणून लोक तिलाच चिरडतात. काडीने डिवचून बघा. जी तुरुतुरु पळते ती तुमची मित्र.

पावसाळी, दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी चांगली चालते, कोरड्या हवेत पैसे फुकट. घेताना डब्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालालाही कायदा लागू आहे. बिननोंदणीच्या ‘ऑरगॅनिक’ बाटल्यांत कधीकधी रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असतं, आणि कुठलंच औषध न मारल्याची शपथ घेणाऱ्या बागेच्या अहवालात अवशेष निघतात ते बऱ्याचदा असे.

एवढं करूनही काही झाडं हाताबाहेर गेली तर ती वेगळी काढा, फळं निर्यातीच्या ढिगात मिसळू नका. माल देण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वतःच एक तपासणी करून घेणं महाग वाटेल, पण परत आलेल्या मालापेक्षा स्वस्त पडतं. शेजाऱ्याचा फवारा वाऱ्याने येतो, हेही विसरू नका.

शेवटी ‘आम्ही कुणाला सांगायचं’. हंगामाआधी विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीची बैठक होते, अधिकारी तिला झेड-रॅक म्हणतात. शेतातल्या अडचणी तिथून शास्त्रज्ञांकडे जातात. पुढे राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोत, शिफारशींवर मोहोर उमटते. तुमची अडचण तिथे पोहोचवायची वाट म्हणजे तालुका कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा थेट जाधववाडी. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा वीस-पंचवीस बागायतदारांच्या सह्या घ्या. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या पत्रावर. ‘सीताफळाला औषध द्या’ अशी मागणी वाचून बाजूला ठेवली जाते. त्याऐवजी लिहा: कीड कोणती, फळाच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या महिन्यात, अंदाजे किती फळं वाया, आजवर काय केलं, आणि चाचणीसाठी किती झाडं देऊ शकता. शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. शास्त्रज्ञाला चाचणीला बाग मिळणं हीच मोठी अडचण असते, कारण दुप्पट मात्रा मारलेली फळं विकता येत नाहीत आणि कोरी ठेवलेली झाडं किडीने भरतात. तो तोटा कोण सोसणार हे आधी लेखी ठरवून घ्या.

पत्राबरोबर नमुनाही न्या. कीड बसलेली काडी कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये घाम येऊन बुरशी चढते. शिवाय थोडे किडे छोट्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. सीताफळावर पिठ्या ढेकणाच्या एकापेक्षा जास्त जाती येतात, आणि तुमच्याकडची कोणती हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. बाटलीवर गाव, तारीख आणि झाडाचा कोणता भाग हे पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये पुसून जाते.